प्लग काढला की लिनक्सचं घड्याळ मागे: माझा अनुभव

रत्नागिरीत वळीव कडाडायला लागला की आम्ही संगणकाचा प्लगच काढून ठेवतो. मदरबोर्डवरचा सेल संपलाय हे नेमकं तेव्हा उघडं पडतं. प्लग लावलेला असेल तर मशीन बंद असतानाही आतल्या घड्याळाला पॉवर सप्लायकडून वीज मिळते. प्लग काढला की सगळा भार सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर.

घड्याळ किती चुकलंय ते आधी मोजा, अर्धं निदान तिथेच होतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर सेलला हात लावू नका. विंडोज बोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. एकाच मशीनवर दोन्ही असली की ओढाताण ठरलेली. लिनक्सची वेळ साडेपाच तास पुढे गेलेली दिसते, विंडोजची मागे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही किंमत १ केली की भांडण मिटतं.

माझ्या उबुंटूत (हा लिनक्सचाच एक प्रकार) तसं नव्हतं. मशीन रात्रभर बंद, आणि घड्याळ तितकंच मागे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पडद्यावर, मात्र तारीख कित्येक वर्षं जुनी. याचं कारण टाइमसिंकडी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम: शेवटची माहीत असलेली वेळ तो डिस्कवर नोंदवतो आणि सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. त्यामुळे चूक छोटी वाटते. सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारं 'एपीटी अपडेट' मात्र फाइल अजून वैध नाही म्हणून अडून बसलं.

सेल मल्टीमीटरवर २.३ व्होल्ट, नवा ३ च्या वर दाखवतो. होल्डरच्या पत्रीवर खाऱ्या हवेचा हिरवट थर होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढला. नाहीतर नवा सेल घालूनही टेकत नाही. अधिकची बाजू वर.

मग टर्मिनलमध्ये, सुडो लावून:

टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता
टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

दुसरी ओळ एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणं, चालू करते. 'टाइमडेटसीटीएल स्टेटस'मध्ये 'सिंक्रोनाइज्ड' पुढे 'येस' आल्यावरच 'एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी' चालवा, ते लिनक्सची वेळ बोर्डाच्या घड्याळात लिहितं. आधी केलंत तर चुकीचीच वेळ बोर्डावर लिहिली जाते. 'येस' येतच नसेल तर राउटरवर यूडीपीचं १२३ पोर्ट बघा. हाताने वेळ घालायला गेलात तर एनटीपी चालू असेपर्यंत 'सेट-टाइम' नकार देतो. आधी 'सेट-एनटीपी फॉल्स' करा.

पडताळणीसाठी रात्रभर प्लग काढून ठेवला आणि सकाळी थेट बायोस उघडलं. इंटरनेट जोडून बघण्यात अर्थ नाही, ते मेलेला सेलही झाकून टाकतं. बायोसमधली वेळ मनगटी घड्याळाच्या साडेपाच तास मागे होती. यूटीसीवर तशीच हवी.