किती वाजले?

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी पंचवटीत कपालेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही रामकुंडाकडे उतरलो, तेव्हा माझ्या मावसभावाच्या पोटात भांग घातलेल्या थंडाईचे दोन पेले होते. पहिल्याने अर्ध्या तासात काहीच होईना, म्हणून त्याने दुसरा घेतला होता. नऊच्या सुमारास तो घाटाच्या पायरीवर बसला आणि विचारू लागला, "दादा, किती वाजले?" मी सांगितले. मिनिटभरात पुन्हा तोच प्रश्न, त्याच स्वरात. आणि दर वेळी उत्तर ऐकून तो मनापासून चकित होई.

दुसऱ्या पेल्याची चूक बहुतेकांची होते. चिलमीचा धूर फुप्फुसांतून काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो. प्यायलेली भांग मात्र आतड्यांतून यकृतात जाते, तेथे तिच्यातील टीएचसी या मुख्य मादक रसायनाचा काही भाग तितक्याच मादक अशा दुसऱ्या रसायनात बदलतो, आणि अंमल चढायला कधी कधी दोन तासही लागतात. तोवर माणूस अधीर झालेला असतो.

टीएचसीची ओळख 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी पटवली. पुढे 1992 मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत मेंदू स्वतः तयार करत असलेला, टीएचसी ज्यांना चिकटते त्याच ग्राहींना (पेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंना) चिकटणारा पदार्थ सापडला. त्याला आपल्या 'आनंद' या शब्दावरून आनंदामाइड असे नाव मिळाले, याचे मला आजही कौतुक वाटते. असे पदार्थ संदेश घेणाऱ्या पेशीकडून उलट दिशेने, संदेश पाठवणाऱ्या पेशीकडे जातात, जणू 'आता पुरे' असे सांगतात आणि लगेच विघटित होतात. टीएचसी हेच 'पुरे' जागा आणि वेळ न पाहता तासन्‌तास म्हणत राहते. नव्या आठवणी रचणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे ग्राही दाट असल्यामुळे माझे उत्तर भावाच्या कानात शिरे, पण टिकत नसे. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातही ते भरपूर असल्याने त्याला पायरी धड उतरता येत नव्हती.

श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभात मात्र ते विरळ असतात. हेरॉइन तेथेच घाव घालते आणि श्वास थांबवून मारते. भांगेने सहसा तसे होत नाही. पण यावरून 'देवाचा प्रसाद, त्याने काय होते' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या रात्री भावाची नाडी धावत होती, नंतर त्याला विलक्षण भीती वाटू लागली, आणि पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या कोवळ्या मेंदूला नियमित सेवनाचा धोका अधिक असतो. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसती पाने, ज्यांची भांग होते, ती येत नाहीत. मेंदूला हा भेद ठाऊक नसतो.

सकाळी मिसळ खाताना भाऊ म्हणाला, "काल मी तुला एकदा वेळ विचारली होती, नाही का?"