चौदा डबे, एकशे बारा वाटे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ठाण्यातल्या निवृत्त रेल्वेवाल्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. त्यांच्यातला एक गट दर वर्षी या तारखेला नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये जमतो. या वेळचा केक माझ्याकडे आला.

ऑर्डर द्यायला आलेले काका गार्ड म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "दहा किलोचा कर, अंड्याशिवाय. पण मागच्या वेळी झालं तसं नको. पुढच्या टेबलांवर विटेएवढे तुकडे गेले आणि मागच्यांच्या ताटलीत क्रीम लागलेला चुरा. तिथे आमचा एक गँगमन बसला होता. तो काही बोलला नाही, पण मला मान वर करवेना."

हे ऐकल्यावर मी किलोचा विचार बाजूला ठेवला. आपल्याकडे केक किलोवर मागतात, त्यामुळे वजन ठरतं आणि वाटे ठरतच नाहीत. मी विचारलं, माणसं किती? शहाण्णव. चौदा साते अठ्ठ्याण्णव. लांबीत चौदा भाग, रुंदीत सात, प्रत्येक चौकोनावर चॉकलेटचा एक डबा. म्हणजे चौदा डब्यांच्या सात गाड्या, आणि प्रत्येकाच्या ताटलीत एक पूर्ण डबा. माझ्या ओव्हनचा ट्रे सोळा बाय चोवीस इंचांचा आहे. त्यात दोन पातळ स्पंज भाजून, मध्ये क्रीम घालून एकावर एक ठेवले की साधारण साडेसात किलोंचा केक होतो. माणशी पंच्याहत्तर ग्रॅम. जेवणानंतर तेवढं पुष्कळ होतं. काकांना दहा किलोंवरून खाली आणायला वेळ लागला, पण त्यांना पटलं.

समान वाट्यांची सुरुवात भाजण्यापासून होते. मोठ्या ट्रेमध्ये कडा लवकर शिजतात आणि मधला भाग फुगून वर येतो. तो तसाच ठेवला तर चौकोन कितीही सारखे आखा, मधल्या माणसाला जास्त केक जातो. म्हणून आच मंद ठेवते आणि गार झाल्यावर स्पंजच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या लाकडी पट्ट्या लावून, दातेरी सुरी त्यांच्यावर टेकवून वरचा फुगवटा काढते. कडाही छाटते. छाटल्यावर हातात साडेतेवीस बाय साडेपंधरा इंच उरले.

आता साडेतेवीसचे चौदा भाग कसे करायचे? भागाकार एक पूर्णांक सहासात दशांश असा काहीतरी येतो. तो धरून एकेक खूण करत गेलं की प्रत्येक खुणेतला केसभर फरक पुढच्या खुणेत जातो आणि शेवटची रांग अंग चोरून बसते. म्हणून मी केकच्या मापाचा बटर पेपर कापते. मीटरपट्टीचं शून्य कागदाच्या डाव्या कडेवर ठेवायचं आणि पट्टी तिरकी करत अठ्ठावीस इंचांचा आकडा उजव्या कडेवर आणायचा. मग दर दोन इंचांवर खूण. खुणा तिरक्या रेषेत पडतात. त्या प्रत्येकीतून गुण्या लावून कडेला समांतर रेघ ओढली की चौदा भाग बिनचूक समान. दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या धड्यात समांतर रेषा आणि छेदिका असतात, त्याच या. रुंदीचे सात भाग करायला एकवीस इंच तिरके धरले आणि दर तीन इंचांवर खूण केली.

नारळाच्या वड्या आपण तिरप्या कापतो तेव्हा कडेला त्रिकोण उरतात. घरात ते कुणीतरी येता-जाता उचलतं. हॉलमध्ये त्रिकोण कुणाला देणार?

कडांचाही प्रश्न होता. अठ्ठ्याण्णव तुकड्यांपैकी अडतीस कडेचे, साठ आतले. बाजूंना क्रीम लावलं तर अडतीस जणांना जास्त क्रीम मिळतं, कोपऱ्यातल्या चौघांना सगळ्यांत जास्त. म्हणून मी बाजूंना क्रीम लावलंच नाही. स्पंजचे थर उघडे ठेवले आणि सुकू नयेत म्हणून निघेपर्यंत भोवती पारदर्शक पट्टी गुंडाळली. कडेची नेहमीची शिंपल्यांची नक्षीही टाळली. तीन इंजिनं चॉकलेटची केली, पण ती बोर्डावर, केकच्या बाहेर. केकवर असती तर कुणाच्या वाट्याला इंजिन, कुणाच्या वाट्याला डबा.

डबे आदल्या रात्रीच पाडून ठेवले होते. डार्क कंपाऊंडचे, म्हणजे सहज न वितळणाऱ्या चॉकलेटचे, सव्वा इंच लांब, पाऊण इंच रुंद, पांढऱ्या चॉकलेटच्या खिडक्या. एप्रिलच्या उकाड्यात कंपाऊंड तग धरतं.

सकाळी वर क्रीम सपाट केलं. बटर पेपरवरून कडांना टूथपिक टोचल्या आणि दोन टोकांत ताणलेला दोरा अलगद दाबून रेघा उमटवल्या. डबे ठेवणार तेवढ्यात फोन. "अगं, एकशेदहा झाले! नातवंडं येतायत. पोरांना अर्धा अर्धा दिलास तरी चालेल, त्यांचं अर्धंच तिकीट."

मी म्हटलं, "काका, अर्धं तिकीट गाडीत. इथे नाही."

चौदा आठे बारोदरसे, म्हणजे एकशे बारा. उभ्या तेरा रेघांना हात लावायची गरज नव्हती. आडव्या सहा पुसून सात नव्या हव्या होत्या. डबे अजून फ्रिजमध्ये होते म्हणून हे जमलं. क्रीमवरची रेघ पॅलेट नाईफ फिरवला की जाते, चॉकलेट एकदा बसलं की उचलताना खड्डा पडतो. बटर पेपर उलटा केला, सोळा इंच तिरके धरले, दर दोन इंचांवर खूण. आठ रांगा. वाटा पासष्ट ग्रॅमवर आला, सगळ्यांचा सारखा. कंपाऊंड पुन्हा वितळवून आणखी चौदा डबे पाडले. लांबी-रुंदी तीच ठेवता आली, कारण चौकोनात जागा होती. डबा चौकोनभर करायचा मोह मी नेहमी टाळते. मध्ये मोकळी पांढरी वाट दिसली, तर कापणाऱ्याला सुरी कुठे घालायची ते सांगावं लागत नाही.

वर्तकनगरहून निघून कॅडबरी जंक्शन, तीन हात नाका, तिथली गर्दी. गाडीचा एसी जोरात ठेवला आणि केक मांडीवर नाही, खाली सपाट ठेवला. हॉलवर काकांनी आधी खराखुरा हिरवा झेंडा दाखवला, मग सुरी माझ्या हातात दिली. लांब सुरी, कडकडीत पाणी, प्रत्येक कापानंतर पुसायची. सरळ खाली दाबायची, करवतीसारखी चालवायची नाही, नाहीतर क्रीममध्ये चुरा ओढला जातो. काका शेजारी उभे राहून म्हणाले, "वाटप मागच्या टेबलापासून." मागच्या टेबलावर तो गँगमन होता. त्याने ताटली डोळ्यांजवळ नेली, खिडक्या मोजल्या आणि शेजारच्याला दाखवल्या. शेजारच्याच्याही तेवढ्याच होत्या.

दोन वाटे उरले, ते हॉलच्या स्वयंपाकघरात गेले.

निघताना एकांनी अडवलं. माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते. "चौदा भाग सारखे कसे काढलेस?" मी पिशवीतला बटर पेपर काढून त्यांच्यापुढे पसरला. तिरक्या खुणा बघून ते म्हणाले, "पत्र्यावर आम्ही अशाच मारायचो. पण तुझी पट्टी इथे हललीय, बघ." सहाव्या आणि सातव्या खुणेत खरंच सुईच्या टोकाएवढा फरक होता. कापताना मला तो दिसलाही नव्हता. "शून्याच्या टोकाला आधार हवा. आम्ही तिथे खिळा मारायचो."

आता मी बटर पेपर पुठ्ठ्यावर लावते, शून्याशी टाचणी टोचते आणि पट्टी तिला टेकवून फिरवते.