मिथुनेचे दोन ड्रमर आणि माझी कर्क रास

मागच्या गुरुवारी क्लास सुटल्यावर एका विद्यार्थ्याची आई दारातच थांबली. मुलगा दहा वर्षांचा, क्लासला येऊन तिसराच महिना. चपला घालता घालता तिने विचारलं, "सर, ह्याची रास मीन आहे. आमचे गुरुजी म्हणाले, मीनेचं मूल हळवं असतं, त्याला बासरी वगैरे बघा. ड्रम म्हणजे मेष-सिंहवाल्यांचं वाद्य. तुम्हाला काय वाटतं?" मुलगा स्टिक्सची पिशवी छातीशी धरून तिथेच उभा होता.

"ताई, पुढच्या गुरुवारी नीट बोलू," एवढंच म्हणालो. ह्या प्रश्नाला माझ्याकडे तीस वर्षांचं उत्तर आहे, आणि ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

माझी रास कर्क. पुष्य नक्षत्र, दुसरा चरण, म्हणून आजीने 'हे' अक्षरावरून जन्मनाव काढलं होतं, हेमंत. ते नाव पत्रिकेच्या बाहेर कधी आलं नाही, पण कर्क रास मात्र घरभर वावरली. परीक्षेच्या आधी रडलो की "कर्केचाच तो", पाहुण्यांसमोर बोललो नाही की "कर्केचाच तो". तेराव्या वर्षी चाळीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्यांनी दुपारी मला ड्रमसेटवर बसू दिलं आणि मी तिथून उठेना, तेव्हा आजी रागावली नाही. तिने रात्री दाते पंचांग मांडीवर घेऊन मला समजावलं. कर्क, वृश्चिक, मीन ह्या जलतत्त्वाच्या राशी. मेष, सिंह, धनू अग्नीच्या. "तू वाजव रे, पण पाण्याने आदळआपट करू नये. पाण्याने वाहावं."

ते वाक्य माझ्या मनगटात जाऊन बसलं. हे अलंकारिक बोलत नाही. पुढे दादरला मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हातारे गोंयकार होते, मुंबईच्या हॉटेलांतून आणि रेकॉर्डिंगांतून आयुष्यभर वाजवलेले. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझा डावा हात धरला आणि विचारलं, "शेजारी कोण झोपलाय?" मी स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या छोट्या मुख्य ड्रमच्या, मधोमध मारतच नव्हतो. काठाला, रिमच्या जवळ, जिथे आवाज पातळ निघतो तिथे वाजवायचो. क्रॅश सिंबलला, म्हणजे झणाणणाऱ्या धातूच्या थाळीला, स्टिकचं टोक लावायचो, स्टिकचा खांदा, म्हणजे टोकाखालचा जाड भाग, कधीच नाही. ते सांगायचे, मी आठवडाभर सुधारायचो आणि पुन्हा तिथेच. मला वाटायचं, ह्याला इलाज नाही. रासच अशी आहे.

बाविसाव्या वर्षी एका कॉलेज बँडने माझं वाजवणं ऐकायला मला बोलावलं आणि दोन गाण्यांनंतर थांबवलं. "छान आहे, पण ऐकू येत नाही." त्याच वर्षी भावगीतांच्या एका कार्यक्रमाला ऐन वेळी ड्रमर आला नाही म्हणून मला नेलं. ब्रशेस, म्हणजे स्टिकऐवजी तारांच्या मऊ झाडण्या, घेऊन बसलो. गायिकेच्या आवाजाखाली राहून वाजवायचं होतं, ते मला आपोआप आलं. आज माझं घर त्याच कामावर चालतं. भावगीत, गझल, नाट्यसंगीताचे नवे प्रयोग, जिथे कुठे "ड्रम हवा पण अंगावर यायला नको" असं म्हणतात तिथे मला फोन येतो. म्हणून आजीच्या त्या वाक्याबद्दल मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिने मला एक दार उघडून दिलं आणि एक बंद केलं, दोन्ही एकाच रात्री.

मधल्या काळात मी एक वही केली होती. डाव्या पानावर ड्रमरची जन्मतारीख, उजव्या पानावर त्याचा हात कसा आहे. पहिलं नाव रिंगो स्टारचं, ७ जुलै १९४०, लिव्हरपूल. इंग्रजी मासिकांतल्या भविष्यानुसार कर्क! बीटल्ससारख्या बँडमध्ये बसून कुठेही अंगावर न येणारा ड्रमर आणि माझीच रास. त्या दिवशी मी फार खूश होतो.

मग लक्षात आलं की ही कर्क आपली नव्हे. पाश्चात्त्य लोक सूर्याची रास धरतात, तीही सायन पद्धतीने, म्हणजे ऋतूंच्या संपातबिंदूपासून मोजून. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजणारं. दोन्हींत आज साधारण २४ अंशांचा फरक पडलेला आहे. त्यांच्याकडे सूर्य २२ डिसेंबरच्या सुमाराला मकरेत जातो, आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, तो हाच फरक. आपल्या गणिताने ७ जुलैला सूर्य मिथुनेत असतो. शिवाय आपल्याकडे 'तुझी रास काय' म्हणजे चंद्राची रास, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. माझी कर्क आणि रिंगोची कर्क ह्यांचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता.

रिंगोच्या वाजवण्याचं कारण त्याच्या हातात सापडतं. तो मूळचा डावखुरा, पण बसला उजव्या हातवाल्यांसाठी मांडलेल्या सेटवर. आपण उजवे लोक स्नेअरवरून टॉमकडे, म्हणजे बाजूच्या ड्रमकडे, जाताना उजव्या हाताने सुरुवात करतो आणि सेट आपल्याला पुढे ओढत नेतो. त्याचा डावा आधी निघतो, मग उजव्याला वाट करून द्यावी लागते, मध्ये एक बारीकशी फट राहते. त्याच्या फिलमध्ये, म्हणजे ठेक्यांच्या मधल्या भरावात, जो अडखळल्यासारखा गोड झोल आहे तो तिथून येतो. मी एकदा आठवडाभर डाव्याने सुरुवात करून वाजवून पाहिलं. झोल आला. गोडवा आला नाही, त्याला बहुधा साठ वर्षं लागतात.

वही पूर्ण बंद पडली ती मिथुनेच्या पानावर. जॉन बोनम, ३१ मे १९४८. चार्ली वॉट्स, २ जून १९४१. कॅलेंडरवर दोन दिवसांचं अंतर. पाश्चात्त्यांच्या हिशेबाने दोघेही मिथुन, आपल्या हिशेबाने दोघांचाही सूर्य वृषभेत. पद्धत कुठलीही घ्या, दोघांना वेगळं काढता येत नाही. आणि कान मात्र दोन सेकंदांत वेगळं काढतात.

लेड झेपेलिन ह्या रॉक बँडचा बोनम म्हणजे वजन. २६ इंची बास ड्रम, आणि एकाच पेडलवर उजव्या पायाने असे तिहेरी ठोके टाकायचा की लोकांना दोन पेडल वाटावेत. तरुणपणी वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात सुतारकाम केलेला माणूस. १९७१ साली आलेल्या बँडच्या चौथ्या अल्बमसाठी त्याचा सेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडला आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. जो डोंगरासारखा आवाज जगाला बोनमचा म्हणून माहीत आहे, त्यात हात त्याचा आहे आणि उरलेलं त्या जिन्याच्या उंच भिंतींचं आहे. शांतपणे ऐकलं तर आणखी एक कळतं, मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत स्नेअरवर तो अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके ठेवतो. त्याला नुसता जोराचा म्हणणाऱ्यांनी त्याला अर्धाच ऐकला आहे.

रोलिंग स्टोन्स बँडचे वॉट्स शिक्षणाने ग्राफिक डिझायनर आणि मनाने जॅझचे. लहानपणी मिळालेल्या बँजोची मान काढून टाकून त्यांनी उरलेल्या गोल चामड्यावर ब्रशेसनी वाजवायला सुरुवात केली. सेट आयुष्यभर छोटाच. त्यांची एक लकब मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. चार मात्रांच्या साध्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर येते. आपण सगळे त्याच वेळी हाय-हॅटही, म्हणजे एकावर एक बसवलेली थाळ्यांची जोडीही, वाजवत राहतो. वॉट्स त्या क्षणी हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचे. स्नेअर एकटी वाजायची आणि हात परत येईपर्यंत ठेका किंचित श्वास घ्यायचा. गझलेच्या कार्यक्रमात मी हेच करतो. आजीचं पाणी आणि चार्ली वॉट्सचा हात माझ्या वाजवण्यात एकत्र मिसळले आहेत.

सिंहेचं पानही तसंच होतं. 'द हू' बँडचा कीथ मून २३ ऑगस्टचा, 'रश' बँडचा नील पिअर्ट १२ सप्टेंबरचा, आपल्या गणिताने दोघांचा सूर्य सिंहेत. मून म्हणजे गाणंभर उसळणारा पूर. पिअर्ट म्हणजे आराखडा काढून बांधलेली इमारत. पुढे काय लिहायचं?

कुणी म्हणेल, ही नुसती सूर्यरास झाली, चंद्र आणि लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, धरा. धरतो. माझ्याकडे जुळे भाऊ शिकतात, जन्मात अकरा मिनिटांचं अंतर, रास, नक्षत्र, चरण, लग्न सगळं एक. धाकटा फिल आला की धावतो, थोरला मागे ओढतो. धाकट्याचा स्नेअरवरचा रोल, म्हणजे सलग बारीक ठोके, मोत्यांसारखा आहे आणि पाय मात्र लाकडाचा. कारण तो पथकात ताशा वाजवतो. ताशावाली मुलं मी डोळे मिटून ओळखतो, मनगट आधीच तयार असतं आणि पायाला कधी काम पडलेलं नसतं. थोरला शाळेत बास गिटार वाजवतो, तो मागे रेलतो कारण त्याला ठोका पडल्यानंतरची जागा ऐकायची सवय आहे.

हात घरातून घडतो. डेव्ह ग्रोल, पुढे निर्व्हानाचा ड्रमर, मुलगा असताना खोलीत उशा मांडून त्यांच्यावर शिकला. उशीवर स्टिक उसळून वर येत नाही, प्रत्येक ठोक्याला हात स्वतः उचलावा लागतो आणि आवाज हवा असेल तर जीव ओतावा लागतो. असा मुलगा खऱ्या सेटवर बसला की काय होतं ते जगाने ऐकलं आहे. डोंबिवलीत माझी निम्मी मुलं उशीवरच रियाज करतात, कारण सोसायटीत तक्रार येते. त्यांच्या आईवडिलांना त्याचं वाईट वाटतं. मला फारसं वाटत नाही.

काल तो गुरुवार आला. रिक्षातून उतरतानाही माझ्या मनात होतं की ताईंना सोपं उत्तर देऊन टाकावं. तबल्याचे झाकीरभाई, उस्ताद झाकीर हुसेन, ह्यांचा जन्म ९ मार्च १९५१, पाश्चात्त्य हिशेबाने मीन. "मीनेचा मुलगा तालवाद्यात काय करू शकतो ते बघा," एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. पण तेही त्या मुलाच्या मनगटात जाऊन बसलं असतं. त्याने उद्या झाकीरभाईंसारखं व्हायचं ओझं घेतलं असतं, जसं मी पाणी व्हायचं घेतलं. शिवाय झाकीरभाई स्वतः सांगायचे, जन्मल्यावर घरी आणलं तेव्हा अब्बाजींनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. ज्या कानात पहिल्या दिवसापासून उस्ताद अल्लारखाँचे बोल पडले, त्याच्यापुढे रास कुठे काढायची?

मुलाला आत बसवून मी बाहेर ताईंना आजीची गोष्ट सांगितली. पत्रिका पाहू नका असं म्हणालो नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि माझी आजीही त्याच श्रद्धेची होती. एकच विनंती केली, "तुम्ही बघा, पण त्याला सांगू नका. निदान दोन वर्षं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण सर, त्याने ऐकलंय हो सगळं. घरी बहिणीला सांगत होता, मी मीन आहे, मला हळू वाजवायचंय."

आत जाऊन मी त्याला साधा चार मात्रांचा ठेका लावला. आठ आवर्तनं हळू, आठ जोरात, पुन्हा हळू, पुन्हा जोरात. हळू छान आलं, ह्या वयाच्या मानाने फारच छान. जोरातल्या पाचव्या आवर्तनाला त्याची स्टिक मधून सरकत काठाला गेली. मी खडूने स्नेअरच्या मधोमध एक गोल काढला, चार आण्याएवढा, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलो.