म्हशीचा मालक बाहेर उभा होता

व्हेटर्नरीचं सेकंड इयर लागलं. मेसमध्ये नव्या पोरी मला ‘मॅडम’ म्हणतात आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेते, कारण खरं सांगायचं तर बरं वाटतं. डिसेक्शन बॉक्स एकीला देऊन टाकला. ॲप्रन मात्र कोणी घेईना. फॉर्मॅलिनचा वास त्यातून जातच नाही.

घरी फोन केला की शेजारच्या काकूंचा प्रश्न ठरलेला, ‘अजून किती वर्षं?’ इंटर्नशिप धरून साडेपाच, त्यातलं एक गेलं. ‘एवढ्यात तं मानसायचा डॉक्टर होते!’ होतो ना. त्यालाही साडेपाचच लागतात, आणि शिकायचा प्राणी एकच.

गेलं वर्ष ॲनाटॉमीने खाल्लं. कोणतं हाड, कोणत्या बाजूचं, कोणत्या जनावराचं. टेबलावरची म्हैस कोणाची होती, कशाने गेली, हे कधी मनातही आलं नाही. फॉर्मॅलिनमधल्या जनावराला मालक नसतो. या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, पॅरासायटॉलॉजी. म्हणजे नीट चाललेलं शरीर शिकून झालं, आता ते कसं बिघडतं ते. वेळापत्रक बघून एवढंच वाटलं होतं की पाठांतर बदललं.

आज पहिलं पोस्टमॉर्टेम बघितलं.

म्हैस शहराला लागून असलेल्या एका गोठ्यातली, विऊन थोडेच दिवस झालेली. सरांनी सुरीला हात लावू दिला नाही. आधी नाक, तोंड, गुदद्वार बघा म्हणाले. न गोठलेलं काळपट रक्त येत असेल तर जनावर उघडायचंच नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्मिअर घ्यायचा आणि काळपुळी (अँथ्रॅक्स) नाही याची खात्री करायची. ते जंतू हवेच्या संपर्कात आले की बीजाणू करतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एका चुकीच्या चिरेत कोणाच्या तरी कुरणाचं वाटोळं. तसं काही नव्हतं, मग म्हैस डाव्या कुशीवर घेतली. कोटीपोट, म्हणजे जनावराचं सगळ्यात मोठं पोट, डावीकडे असतं, ते खाली राहिलं की बाकीचे अवयव समोर येतात. हे डावं-उजवं वर्षभर घोकलं होतं, पण त्याचा उपयोग आज पहिल्यांदा दिसला.

गळ्याखाली, पुढच्या पायांच्या मध्ये पाणी भरून सूज होती. मानेची शीर दोरासारखी फुगलेली. त्याच्या पुढचं छोटं जाळीपोट छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला घट्ट चिकटलं होतं, बोटाने सुटेना. सरांनी ते उघडलं. आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं मला तोंडपाठ आहेत, परीक्षेत आकृतीही काढली होती. त्याच घरांत एक तार रुतलेली. बोटाएवढी लांब, काळी पडलेली, एक टोक आत आणि दुसरं पुढे निघालेलं. पडद्यातून पलीकडे गेलं की लगेच हृदय. हृदयाभोवतीच्या पिशवीला चीर दिली तसं घाणेरड्या वासाचं पाणी आलं आणि हृदयावर पिवळट पांढरे थर. माझ्या बाजूचा मुलगा बाहेर गेला. मी थांबले, शौर्य म्हणून नाही, भिंतीला टेकले होते म्हणून.

सर बोलत होते. गाय-म्हैस ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढते आणि अर्धवट चावून गिळते. खिळा, तार असं जड काही आलं की ते जाळीपोटात बसतं. गाभण असताना वाढलेलं गर्भाशय पुढे रेटतं, वितानाच्या कळा वेगळ्याच. त्यात ही तार सरकली असणार.

मालक सगळा वेळ बाहेर उभा होता. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर दुपट्टा. हात धुऊन आम्ही निघालो तर सरांना सोडून मलाच विचारलं, ‘काय निंगालं बाई आतमंधी?’

मी सरांकडे बघितलं. त्यांनी तार दाखवली. तो म्हणाला, ‘माह्या कुटारात तार कुठून येईन?’ मग गप्प बसला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, उन्हाळ्यात गोठ्याचा कॉलम उभा केला होता, मिस्त्रीने सळया बांधायची तार तिथेच तोडली होती. ‘चाऱ्यापुढे येत नव्हती, उतारावर चालाले मांगत नव्हती. मले वाटलं, व्याली म्हनून अशक्त झाली असन.’ ही सगळी लक्षणं पुस्तकात एका ओळीत आहेत. त्याने ती रोज बघितली होती, पण त्याला ओळ माहीत नव्हती आणि आम्हाला म्हैस.

सरांनी त्याला उरलेल्या जनावरांचं कुटार चुंबक फिरवून घालायला सांगितलं. जनावराच्या पोटात चुंबक सोडतात, तेही समजावलं. त्याने दोनदा विचारून घेतलं. मग वासराला आता काय पाजू, हे विचारलं. त्याचं उत्तर मी देऊ शकले असते, लाइव्हस्टॉक प्रॉडक्शनमध्ये ते येऊन गेलं आहे. सरांनीच दिलं.

रात्री आबाजींना फोनवर सांगितलं. ते पोळ्याच्या आधी खांदमळणी करताना बैलाच्या अंगावरून हात फिरवून कुठे काय दुखतंय ते सांगतात. जाळीपोटाचं त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आपल्याही मांगच्या भिताडाचं काम झालं ना दिवाळीत.’ पुढे बराच वेळ विटांचा भाव आणि मिस्त्रीच्या आळसाची गोष्ट.

रविवारी घरी जाताना कुटारावर फिरवायला चुंबक न्यायचं आहे. रूममेट म्हणते, जुन्या स्पीकरमधलं चालतं, इतवारीच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळेल. उद्या मायक्रोचं ग्रॅम स्टेनिंग आहे, म्हणजे जंतू रंगवून बघायचं प्रॅक्टिकल. मागच्या खेपेचा क्रिस्टल व्हायोलेट अजून नखांत आहे, आणि जर्नल अर्धं कोरं.