गुडघा दुखतो म्हणून गेलो आणि निघालं खुब्याचं

पर्थेस (लहान मुलांच्या खुब्याच्या हाडाचा एक आजार) हा शब्द ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलाय आणि रात्री मोबाईल घेऊन शोधत बसलेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मीही तशीच बसले होते.

मुलगा साडेपाच वर्षांचा होता तेव्हा लंगडायला लागला. पडला नव्हता, मार नाही, ताप नाही, सूज पण नाही. कुठे दुखतं विचारलं की हात गुडघ्यावर ठेवायचा, कधी मांडीवर, आणि खेळून आला की जास्तच. गुडघ्याचा एक्स-रे काढला तो एकदम नॉर्मल, मग वाढीचं दुखणं असेल म्हणून परत पाठवलं. पण वाढीचं दुखणं साधारण दोन्ही पायांत आणि रात्रीचं असतं, सकाळी मूल मस्त पळत असतं, लंगडत नाही. आमचा लंगडत होता. म्हणून दुसरीकडे गेलो, तिथे रक्त तपासलं (खुब्यात इन्फेक्शन असेल तर ती इमर्जन्सी असते, ताप असेल आणि मूल पाय टेकतच नसेल तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका), ते नॉर्मल आलं आणि खुब्याला तात्पुरती सूज आहे, आराम द्या असं सांगितलं. ती सूज साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. याचं दुखणं थोडं कमी झालं आणि परत सुरू.

शेवटी लहान मुलांच्या हाडांचे स्पेशालिस्ट गाठले. त्यांनी गुडघ्याला हातच लावला नाही आधी! त्याला पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे दुमडून तळपाय छताकडे केले आणि मग पावलं दोन्ही बाजूंना बाहेर पडू दिली. उजवं पाऊल आरामात खाली गेलं, डावं थोडं गेलं आणि तिथेच अडकलं, आणि त्याने कंबर उचलली. मला न सांगता दिसलं. मग टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, डावी बारीक झालेली. डॉक्टर म्हणाले, "आई, खुबा आणि गुडघा या दोघांच्या नसा एकच आहेत, त्यामुळे मुलं खुब्याचं दुखणं गुडघ्यात सांगतात. लहान मूल गुडघा दुखतो म्हणालं तर खुबा बघायचाच." मग खुब्याचे दोन एक्स-रे, एक सरळ आणि एक बेडकासारखे पाय पसरून, आणि दोन्हीत मांडीच्या हाडाचा खुब्यात बसणारा डावीकडचा गोळा उजव्यापेक्षा चपटा आणि जास्त पांढरा. अगदी सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलही येऊ शकतो, तेव्हा एमआरआय लागतो, आम्हाला त्याची गरज पडली नाही.

तर हे पर्थेस. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो, का होतो ते अजून नीट कुणालाच माहीत नाही, आणि त्या गोळ्यातलं हाड मरतं. मग शरीर ते जुनं हाड काढून नवीन घालतं, हे सगळं व्हायला दोन ते चार-पाच वर्षं लागतात. साधारण ४ ते ८ वयात जास्त, मुलग्यांमध्ये मुलींच्या चार-पाच पट. लेग, काल्वे आणि पर्थेस या तिघांनी वेगवेगळ्या देशांत १९१० च्या सुमारास हे लिहून ठेवलं म्हणून ते लांबलचक नाव. सहाच्या आत सुरू झालं तर गोळा नीट होण्याची शक्यता जास्त, ह्या एका वाक्यावर मी बरेच दिवस काढलेत.

आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊन हे बरं होत नाही, सगळे सांगतात म्हणून लिहिलं.

उपचार म्हणजे काय, तर गोळा मऊ असताना तो खुब्याच्या खोबणीत नीट बसलेला ठेवायचा, खोबण साच्याचं काम करते आणि गोळा शक्य तितका गोल भरून येतो. सुरुवातीला उड्या बंद, पळणं बंद, पोहणं चालेल, दुखलं की औषध, आणि जांघेचं स्ट्रेचिंग रोज. साडेपाच वर्षांच्या पोराला पळू नको सांगणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, दिवसातून शंभरदा "आई, हळू पळू का?"

पुढच्या एक्स-रेत गोळ्याचे तुकडे झालेले दिसले (ही स्टेज येतेच, पण बघून पोटात गोळा येतो) आणि तो बाहेरच्या बाजूला सरकायला लागला होता, पाय बाजूला जाणंही कमी झालेलं. मग भूल देऊन खुब्यात डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून गोळ्याचा आकार बघितला, जांघेचा एक ताठ झालेला स्नायू छोट्या चिरेतून सैल केला आणि पेट्री प्लास्टर घातलं, म्हणजे दोन्ही पाय मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये, मध्ये आडवी दांडी, पाय फाकलेले. अजून मोठ्या मुलांना किंवा जास्त सरकलेल्यांना हाड कापून दिशा बदलायचं ऑपरेशन लागतं, आमचं तिथपर्यंत गेलं नाही.

प्लास्टरचे दिवस अवघड नव्हते असं नाही पण भीती होती त्यापेक्षा बरे गेले. पहिल्याच दिवशी कळलं की बाथरूमच्या दारातून तो सरळ जात नाही, आडवा करून न्यावा लागतो. दांडीला धरून उचलायचं नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा कारण प्रत्येकाचा हात आधी तिथेच जातो. पँटची बाहेरची शिवण उसवून वेल्क्रो लावला. खाज आली की हेअर ड्रायरची थंड हवा, आत पट्टी-पेन काही घालायचं नाही. बोटं निळी-गार पडली किंवा खूप दुखायला लागलं तर लगेच फोन करायचा.

प्लास्टर काढल्यावर पाय लाकडासारखे, तो चालायलाच घाबरला. फिजिओने पाण्यात चालायला लावलं तेव्हा कुठे सुटला. रात्री पाय फाकवून ठेवायचा ब्रेस अजून आहे, त्यावरून रोज भांडण होतं, कधी तो जिंकतो.

आत्ताच्या एक्स-रेत गोळ्याच्या बाहेरच्या कडेला नवीन हाड दिसायला लागलंय, डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. जुने एक्स-रे सगळे तारखेप्रमाणे जपून न्या बरं का, एकटा एक्स-रे बघून फारसं कळत नाही, मागच्याशी तुलना करूनच पुढचं ठरतं. पळायची परवानगी अजून नाही. सायकल मात्र मिळालीय.