सीजे-३बी, एकास सात : बॉनेट तिसऱ्यांदा कापलं

माझ्या रिमोटवर चालणाऱ्या, दगड चढणाऱ्या (क्रॉलर) जीपच्या मॉडेलचं तिसरं बॉनेट अखेर जागेवर बसलं. मॉडेल आहे विलीज सीजे-३बी या जुन्या जीपचं, खरीच्या एक सप्तमांश मापाचं. दिवा बाजूला सरकवून समोरून पाहिलं आणि पहिल्यांदाच वाटलं, ही मामांची जीप आहे. आधीची दोन बॉनेटं टेबलाखालच्या खोक्यात पडून आहेत. ती का चुकली ते जरा सविस्तर लिहिते, कारण सीजे-३बी करायला घेणाऱ्या बहुतेकांना ठेच इथेच लागेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी मापाचं सांगते. या जीपचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. एकास दहाने तो २०३ मिमी येतो, आणि त्या मापाच्या मडगार्डांखाली आपले १.९ इंची रिमचे टायर मावतच नाहीत. म्हणून एकास सात घेतलं. व्हीलबेस आला २९० मिमी. माझी तयार क्रॉलर चासी, एससीएक्स-१० टू, मुळात ३१३ मिमी व्हीलबेसची. मागचा अ‍ॅक्सल २३ मिमी पुढे घेतला, अ‍ॅक्सल धरणाऱ्या मागच्या चारही लिंका (दांड्या) त्या हिशोबाने आखूड केल्या, शाफ्ट कापला, मागच्या शॉकची जागा पुढे सरकवली. जुन्या ६.००-१६ टायरचा व्यास सातने भागला तर १०४ मिमीच्या आसपास येतो. त्या मापाचे टायर १.९ च्या रिमवर सहज मिळतात. आणि जीपचा हेडलाइट ७ इंची, म्हणजे मॉडेलवर बरोबर १ इंच! हा हिशोब जुळला त्या दिवशी मी दुसरा कुठलाही स्केल विचारात घेणं सोडून दिलं.

आता बॉनेट. अमेरिकेत सीजे-३बी १९५३ ते १९६८ बनली, आधी विलीजच्या आणि नंतर कायझर-जीपच्या नावाने, आणि महिंद्राकडे ही जात त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली. आपल्या गावागावांत, साखर कारखान्यांच्या आवारात, घाटातल्या वडापवर जी उंच नाकाची जीप दिसायची ती हीच. आधीच्या सीजे-३एचं बॉनेट बसकं होतं. ३बीमध्ये हरिकेन इंजिन आलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. मडगार्डं मात्र होती तिथेच राहिली. बॉनेटच्या बाजूला सपाट पत्र्याची जी उंच भिंत दिसते ती त्यामुळे. ही भिंत दोन मिमीने चुकली तरी डोळ्याला दुसरीच गाडी दिसते.

पहिलं बॉनेट मी फोटोवरून काढलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं नाक फुगतं आणि काच मागे पळते. त्यावरून मोजलेली उंची खोटीच निघणार. तयार झालेली वस्तू ट्रॅक्टरसारखी दिसत होती. दुसरं बॉनेट टेप लावून घेतलेल्या मापांवर केलं, पण फक्त कडांची मापं घेतली आणि वरचा पत्रा सपाट ठेवला. खरा पत्रा सपाट नाही. मधे किंचित उचललेला आहे आणि काचेकडून जाळीकडे येताना निमुळता होतो. सपाट पत्र्यावर उजेड पडला की तो खोलगट दिसतो, हे मला प्रायमर मारल्यावर कळलं.

मग दिवाळीत नारायणगावला मामांकडे गेले ती ओळंबा, खडू आणि सोल्डरची तार घेऊनच. त्यांची जीप गोठ्याशेजारी उभी असते, अजून चालू आहे. मामा म्हणाले, "अगं, टेप काय लावतेस, हात फिरव तिच्यावरून. हात सांगेल तुला." मी खरंच हात फिरवला, आणि बाजूच्या कडेची गोलाई पुढे कमी आणि मागे जास्त आहे हे हातालाच कळलं. नंतर सोल्डरची जाड तार बॉनेटवर आडवी ठेवून दाबत नेली. तार तो वळसा धरून ठेवते. ती तशीच उचलून पुठ्ठ्यावर ठेवली आणि पेन्सिलने गिरवली. असे चार छेद घेतले, प्रत्येक छेदाचं जाळीपासूनचं अंतर खडूने नोंदवलं. पुठ्ठे घरी स्कॅन करून सातने लहान केले. वक्र पत्र्याचं माप घ्यायची याहून स्वस्त आणि खात्रीची पद्धत मला माहीत नाही.

बांधणी अशी. चार छेदांच्या चार फासळ्या २ मिमी हिप्स शीटच्या (हिप्स म्हणजे चिवट पॉलिस्टायरीन प्लास्टिक). त्यांवर १ मिमीचा वरचा पत्रा. कडेची गोलाई तापवून वळवली तर शीट आत ओढली जाते आणि लाटा पडतात, म्हणून तापवण्याचा नाद सोडला. अर्ध्या मिमीच्या दोन पट्ट्या घेतल्या, मधे सॉल्व्हंट लावलं, २० मिमीच्या पीव्हीसी पाइपावर ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधल्या आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. सोडल्यावर पट्टी वळसा धरून राहते, उलगडत नाही. मागची गोलाई जास्त हवी होती, तिथे मागून फासळीला चिकटवताना पट्टी थोडी उघडली. चिकटवायला मी डायक्लोरोमिथेन वापरते, सुईच्या बाटलीतून सांध्यावर थेंब सोडला की ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि लहान मुलं खोलीत नाहीत. यात तडजोड करू नका.

जाळीच्या सात फटींना मात्र फार वेळ लागला नाही. फटीच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोक, मधला भाग पात्याने कापायचा, मग कानस. भोकं सरळ रेषेत यावीत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा एक जिग (भोकांचा साचा) केला, एवढंच.

एक नुकसान सांगायला हवं. दुसऱ्या बॉनेटचे सांधे भरायला मी गॅरेजात वापरतात ती एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी भरली आणि जाड थर दिला. तिच्यातल्या थिनरने हिप्स खाल्लं. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या भेगा होत्या आणि पत्रा मऊ पडला होता. तेव्हापासून मोठ्या खळग्यांना एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची इपॉक्सी, आणि बारीक ओरखड्यांना हिप्सचेच तुकडे सॉल्व्हंटमध्ये विरघळवून केलेली खळ. ही खळ सुकायला दोन-तीन दिवस घेते, पण घासल्यावर सांधा कुठे होता ते सापडत नाही. प्रायमर पावसाळ्यात मारू नका हेही लिहून ठेवते. जुलैत मारलेल्या थरावर हवेतल्या ओलाव्याने पांढुरकी साय आली होती, सगळा घासून काढावा लागला.

रुंदीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. खऱ्या जीपच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर ४८.२५ इंच. टायरची जाडी धरून सातने भागलं तर बाहेरून बाहेर १९८ मिमीच्या जवळ यायला हवं. माझ्या चासीची चाकं होती २२८ वर. ४० मिमी रुंदीचे टायर काढून ३० मिमीचे अरुंद घातले, तिथे १० गेले. जास्त ऑफसेटच्या, म्हणजे चाक आत घेणाऱ्या, रिममुळे प्रत्येक बाजू ४ मिमी आत आली. आता २१० आहे, आणि मामांच्या जीपची मडगार्डं कडेपासून कडेपर्यंत मी १४७ सेमी मोजली होती, तीही सातने २१० च येतात. म्हणजे टायर मडगार्डच्या कडेशी बरोबर. खऱ्या गाडीत ते थोडे आत असतात. मडगार्ड रुंद करून हे लपवता आलं असतं, पण मग बॉनेटसाठी घेतलेली सगळी मेहनत वाया गेली असती. मडगार्ड खऱ्या मापाचंच ठेवलं. पुढे कधी अरुंद अ‍ॅक्सल मिळाले तर बदलेन.

सपाट मडगार्ड खूप खाली असतं, त्यामुळे चाक वर गेलं की टायर त्याला घासतो. शॉकच्या दांड्यावर सिलिकॉन नळीचे ६ मिमीचे तुकडे घालून वरची चाल बांधली आणि खालची लटक वाढवली. क्रॉलिंगला लटकणारं चाकच कामाला येतं, वर जाणारं नाही, त्यामुळे काही गमावलं असं वाटत नाही.

वजन : सीट, स्टिअरिंग आणि फाळका धरून बॉडी ५४० ग्रॅम. छप्पर नसल्याचा इथे मोठा फायदा आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची आणि मागची चाकं आळीपाळीने ठेवली तेव्हा आधी पुढे ५२ टक्के वजन होतं. बॅटरी बॉनेटखाली, सर्व्होच्या (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरच्या) मागे आडवी घातली तेव्हा ५८ झालं. उंच बॉनेटची रिकामी जागा अशी कामी आली. बसक्या ३एमध्ये ही बॅटरी मावली नसती. फळीवर आडवी उभी करून फळी उचलत गेले तर आधी ३८ अंशांवर कलंडायची, आता ४३ वर.

रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत नेली. कोरड्या काळ्या दगडावर टायर छान धरतात. मागच्या बॉडीने जो गुडघाभर उंचीचा दगड चार वेळा नाकारला होता तो हिने दुसऱ्या प्रयत्नात चढला. जीपचं नाक पुढच्या चाकांच्या फारसं पुढे नसतं, त्यामुळे चाक थेट दगडाला भिडतं. उतरताना मागचा स्पेअर व्हीलचा ब्रॅकेट घासला. तो मी पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केला होता आणि त्याआधी गाडीच्या बंद काचेमागे उन्हात राहिल्याने आधीच किंचित वाकला होता. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये पुन्हा प्रिंट लावला आहे.

काच अजून स्थिर आहे, ती खऱ्यासारखी बॉनेटवर आडवी पडायला हवी. बिजागऱ्या पितळी पत्र्याच्या करते आहे, ०.४ मिमीच्या. रंग ठरला आहे : मामांच्या जीपचा, आता उन्हाने फिकट झालेला मूळ हिरवा. त्यासाठी स्टेपनीआड राहिलेला मूळ रंगाचा एक तुकडा मामांनी मला खरवडून दिला आहे. तो एका आगपेटीत ठेवला आहे. रंगाच्या दुकानात तोच दाखवून डबा जुळवून घेईन.