पोलीस ट्रेनिंग: ग्राउंड निघून जातं, घाम काढतो तो पंचनामा

पोलीस शिपाई म्हणून भरती झालो तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, ट्रेनिंगला लय पळवतात का रे? पळवतात की, पण ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, मारूनच आत आलेलो असतो आपण, सुरवातीला पिंढऱ्या भरून येतात आणि मग अंग आपोआप रुळतं. परेडचंपण तसंच, सावधान-विश्राम-दाहिने मुड झोपेतसुद्धा व्हायला लागतं.

खरी वाट लागते आंतरवर्गात, म्हणजे कायद्याच्या तासाला. 1 जुलै 2024 पासून भादंवि, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर कलम जुनंच लागतं, म्हणजे पाठ दोन्ही करायचं. खून आधी 302 आता 103, चोरी 379 ची 303, एफआयआर सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) 154 वरून बीएनएसएसच्या (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 173 वर. आमच्यातले निम्मे रात्री बॅरेकमधे पुटपुटत झोपायचे.

त्यात पंचनामा. एका खोलीत खोटा खोटा घरफोडीचा सीन लावलेला, कपाट उघडं, कुलूप तुटलेलं, आणि सर म्हणाले लिहा. कधी सुरू केला ती वेळ, पंच कोण, चतुःसीमा, कुलूप कुठं पडलंय, दारापासून किती अंतरावर, मग जप्त वस्तूला लेबल, लेबलवर पंचांच्या सह्या, सील, शेवटी संपल्याची वेळ. आता बीएनएसएसच्या कलम 105 मुळे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंगपण करावंच लागतं. 'कुलूप तुटलेले दिसले' एवढं चालत नाही, कडी कापली का कोयंडा उचकटला ते लिहावं लागतं, कारण कोर्टात वकील नेमकं तिथंच धरतो. हा तास मला तरी सगळ्यात कामाचा वाटला, भले डोकं उठायचं.

फायरिंगचं लोकांना भारी कौतुक. रायफलची बट, म्हणजे मागचा दांडा, खांद्याला घट्ट लावली नाही तर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. पण गोळ्या झाडण्यापेक्षा जास्त वेळ रिकाम्या पुंगळ्या मोजण्यात जातो, दिल्या तेवढ्या परत आल्याच पाहिजेत, एक कमी भरली की अख्खं स्क्वाड गवतात ओणवं. त्यानंतर पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढून रायफल साफ, ती पण तपासून घेणार.

इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही परीक्षा निघाल्या की दीक्षांत संचलन, शपथ, घरचे, फोटो. सध्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांच्या शेजारी बसतोय, आणि ते अजून बोलता बोलता फसवणुकीला 420 च म्हणतात, मी गपचूप 318 लिहून घेतो.